अर्जुनाचं नाक

स्टाऊट म्हणजे काळी बियर. तिला काळा रंग येतो तो भाजलेल्या सातूनं, आणि सातू भाजणं हे जगातलं सगळ्यात दळभद्री काम आहे. हे मी सांगतोय. मी बी.एस्सी. झालेला, विश्रामबागेच्या कॉलेजात कॉलर ताठ करून फिरलेला माणूस. पिवळी बियर कुणीही करेल. मोड आणून वाळवलेला सातू उत्तरेतून वॅगननं येतो. तो भरडायचा, गरम पाण्यात भिजवायचा, त्याचं गोड पाणी गाळून घ्यायचं. त्या पाण्यात हॉप्स नावाची कडू फुलं टाकून उसाच्या रसासारखं उकळायचं. निववून त्यात यीस्ट घालायचं, आठ दिवस फसफसू द्यायचं, मग चारेक आठवडे थंड टाकीत ठेवून बाटलीत भरायचं. घड्याळ आणि थर्मामीटर असला की माकडसुद्धा करेल.

स्टाऊटला मात्र त्यात थोडा बिनमोडाचा सातू लागतो, तोही काळाकुट्ट होईपर्यंत भाजलेला. शंभर किलोला दहा किलो. हे दहा किलो नीट भाजले तर बियरला कॉफीचा, थोडा चॉकलेटचा वास येतो. अर्धं मिनिट जास्त झालं तर सगळी टाकी राख कालवल्यासारखी लागते. काळा आणि करपलेला यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. तो फक्त नाकाला कळतो, आणि ते नाक माझ्याकडे नव्हतं.

कारखाना शेणोली स्टेशनापासून दोन मैलांवर माळावर होता. मालक लालासाहेब. नदीकाठी ऐंशी एकर ऊस, घरातली तीन माणसं फौजेत, आणि स्वतः कधी बंदुकीला हात न लावलेला, पण मिशी फौजेचीच. दारूबंदी ढिली झाल्यावर चौऱ्याहत्तर साली त्यांनी परवाना मिळवला. सगळे पिवळी बियर काढत असताना यांना काळीच का हवी होती, तर त्यांचे चुलतभाऊ सुभेदार नाथाजी. सुभेदार दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले होते आणि तिथं कुणा गोऱ्यानं त्यांना मगभर स्टाऊट पाजली होती. तीस वर्षं झाली तरी तो मग त्यांच्या जिभेवरून उतरला नव्हता. तोंडात चार दात उरले होते, पण जीभ शाबूत होती. लालासाहेब अख्ख्या तालुक्यात कुणाच्या बापाला भ्यायचे नाहीत, फक्त सुभेदारांना वचकून असायचे. तेव्हा सुभेदारांच्या जिभेला पटेल ती बियर करायची आणि महाबळेश्वरच्या हॉटेलांना विकायची, असा एकूण बेत होता.

मी दोन वर्षं मुंबईच्या एका कारखान्यात शिकलेला. पिवळी बियर हातानं केली होती, काळी फक्त पुस्तकात वाचली होती. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच. हातानं फिरवायचा एक लोखंडी ड्रम, त्याखाली बाभळीच्या लाकडाचा जाळ, आणि शेजारी मी पुस्तक उघडून उभा. पहिल्या चारही खेपा करपल्या. सुभेदार दर वेळी एक घोट घ्यायचे, तो शेजारच्या कुंडीत थुंकायचे आणि निघून जायचे. कुंडीतली तुळस आता मरणार, असं कामगार माझ्या मागं बोलत. मी ऐकून न ऐकल्यासारखं करत असे.

पाचव्या खेपेला अर्जुना भेटला. तो पोती उतरवणारा हमाल. वडूजकडचा धनगर, पस्तिशीचा, उंच, हाडं मोजून घ्यावीत असा. बहात्तरच्या दुष्काळात त्याची साठ मेंढरं गेली. निम्मी चाऱ्यावाचून मेली, निम्मी त्यानं स्वतः खाटकाच्या दारात नेऊन बांधली. पाठीवर पोतं घेऊन तो ड्रमपासून वीस पावलांवरून चालला होता. तो थांबला आणि म्हणाला, आता उतरवा. मी त्याला झापलं. हमालानं हमाली करावी, असंच काहीसं बोललो. तो मान खाली घालून गेला. मिनिटभरात ड्रममधून निळा धूर निघाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला ड्रमवर उभा केला. खरं सांगायचं तर त्याची फजिती व्हावी म्हणून. त्यानं घड्याळ मागितलं नाही, थर्मामीटरकडे पाहिलंही नाही. डोळे मिटून तोंड ड्रमच्या जवळ नेलं आणि एका लयीत दांडा फिरवत राहिला. आधी ओल्या काडाचा वास येतो, मग भाकरीचा, मग कॉफीचा, हे त्यानं मला नंतर सांगितलं. कॉफी हा शब्द त्यानं माझ्याकडून उचलला. तो म्हणायचा जळक्या गुळाचा.

"आन मग एक येळ येती, तवा वास थांबतो," तो म्हणाला. "थांबला की उतरवायचं, सायेब. फुडं गेला की मेला."

उतरवल्यावर तो आपली घोंगडी जमिनीवर पसरायचा, तिच्यावर तांब्याभर पाणी शिंपडायचा आणि ड्रममधला सातू तिच्यावर ओतायचा. मग दुसऱ्या हमालाला बोलावून चारी कोपरे धरायचे आणि दहा-बारा वेळा वर उडवायचं. मला हसू यायचं. धनगर घोंगडीवाचून बसत नाही, झोपत नाही, जेवत नाही, आणि आता बियरही करत नाही, असं मी लालासाहेबांना सांगितलं. तेही हसले.

पाच आठवड्यांनी बाटली उघडली. ग्लासात ओतली तेव्हा वर तपकिरी फेस आला आणि बराच वेळ टिकला. सुभेदारांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. डोळे मिटले. आम्ही सगळे कुंडीकडे बघत होतो. सुभेदार एवढंच म्हणाले, "इटली." लालासाहेबांनी माझी पाठ थोपटली. अर्जुनाला कुणी बोलावलं नव्हतं, आणि तो येऊन प्यायलाही नसता. बिरोबाची शपथ होती, दारूला तोंड लावत नसे. ज्या बियरचं नाव पुढं पार महाबळेश्वरपर्यंत गेलं, तिची चव तिच्या कर्त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हती.

अर्जुनाला एकच गोष्ट हवी होती. कायम व्हायचं. कायम कामगाराला कारखान्याच्या मागच्या पत्र्याच्या चाळीत एक खोली मिळायची. त्याची बायको हरणाबाई आणि पाच वर्षांची पोरगी हरणाबाईच्या भावाच्या मेंढरांमागं फिरत. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं, पाऊसकाळ जवळ आला की परत यायचं. पोरगी वाटेवरच जन्मली आणि वाटेवरच चालायला शिकली. अर्जुनाला ती वर्षातून दोनदा दिसायची आणि दर वेळी त्याला ओळखायला तिला दिवसभर लागायचा. खोली मिळाली की तिघं एका छपराखाली येतील, हे तो मला आठवड्यातून एकदा तरी सांगायचा. आणि आमच्याकडची रीत अशी, की हंगामी माणसाचे दोनशे चाळीस दिवस भरत आले की त्याला पंधरा दिवसांचा ब्रेक द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचं. म्हणजे तो कधीच कायम होत नाही. तसा एक ब्रेक त्याला देऊन झाला होता.

पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात लालासाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, नाकापेक्षा मोती जड व्हायला लागलाय. उद्या हा आजारी पडला, नाहीतर दुसऱ्या कुणी पळवला, तर आपण काय सुभेदारांच्या जिभेवर पाणी सोडायचं? त्याला जे येतं ते सगळं कागदावर घे. मी म्हणालो, घेतो.

दोन महिने मी अर्जुनाशेजारी बसलो. हातात वही, गळ्यात घड्याळ. किती लाकूड, कसा जाळ, दांड्याचे मिनिटाला किती फेरे, कितव्या मिनिटाला काय वास. तुझी किंमत मालकांना कळावी म्हणून लिहितोय, असं मी त्याला सांगितलं. त्याला ते पटलं. नुसतं पटलं नाही, तर त्यानं मला शिकवायला घेतलं. माझ्या मानेला हलका हात लावून तो माझं तोंड ड्रमजवळ न्यायचा आणि म्हणायचा, आता घ्या श्वास, आता सोडा, आता परत घ्या. महिनाभरानं मलाही तो थांबलेला वास पुसटसा कळायला लागला. पहिल्यांदा कळला त्या दिवशी त्यानं कुणाकडून तरी मागून गुळाचा खडा आणला आणि मला खायला लावला. मी वहीत लिहिलं, सेहेचाळीस मिनिटं. घोंगडीचं काही लिहिलं नाही. ते काय, त्यांची जातीची सवय.

श्रावणात त्याला दुसरा ब्रेक दिला. पंधरा दिवस झाले, महिना झाला, बोलावणं गेलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. तो चार वेळा फाटकावर येऊन गेला. आणीबाणीचे दिवस होते, युनियनवाले स्वतःच तोंड मिटून बसले होते. चौथ्या वेळी मला त्याची दया आली. माझा आतेभाऊ आकाराम मिरजेकडे एका तपकिरीच्या कारखान्यात मुकादम होता. त्याच्या नावानं मी चिठ्ठी दिली. अर्जुना माझ्या पाया पडला. त्या रात्री मला चांगली झोप लागली, आपण एका गरिबाची सोय लावली म्हणून.

मग मी वहीबरहुकूम सातू भाजला. सेहेचाळीस मिनिटं, तेच लाकूड, तेच फेरे. उतरवून सिमेंटच्या कोब्यावर ढीग केला. वास बरोबर होता, मी दहादा हुंगला. बियर राखेसारखी निघाली. पुन्हा केलं, पुन्हा राख. तिसऱ्या वेळी ढीग गोणपाटांवर घातला तर गोणपाटांनी पेट घेतला आणि बादल्या घेऊन धावायची पाळी आली. सुभेदारांनी आता थुंकायचंही सोडलं. ग्लास तसाच उलटा केला आणि लालासाहेबांना म्हणाले, सातू राहू दे, ह्यालाच भाजा. लालासाहेबांनी मला कामगारांसमोर सांगितलं, की महाबळेश्वरचा हंगाम एप्रिलात सुरू होतोय, तोपर्यंत बियर जमली नाही तर विश्रामबागेत जाऊन पोरांच्या शिकवण्या घे. आणि जायच्या आधी त्या धनगराला शोधून आण.

जानेवारीत मी स्वतः मिरजेकडे गेलो. तंबाखूची धूळ त्या छपरात इतकी दाट होती की दारातच मला सात-आठ शिंका आल्या. अर्जुना चाळणीपाशी बसला होता. केसांपासून पापण्यांपर्यंत तपकिरी, डोळे लाल, तोंडाला एक फडकं. मला बघून उठला आणि काय काम म्हणून विचारायच्या आधीच फडकं सोडून माझ्याबरोबर निघाला. लालासाहेबांनी त्याला समोर उभं करून सांगितलं, बियर पहिल्यासारखी झाली तर कायमचा कागद तयार आहे. खरंच टाइप करून ठेवला होता. त्यांनी तो त्याला दाखवला. अर्जुनाला वाचता येत नव्हतं, पण त्यानं कागद दोन्ही हातांनी धरला आणि आपलं नाव कुठं आहे ते विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. लालासाहेबांनी कागद परत घेऊन ड्रॉवरमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रम तापवला. अर्जुना डोळे मिटून उभा राहिला, तीच लय, तोच दांडा. मी घड्याळाकडे बघत नव्हतो. बघायची गरजच नव्हती, तो होता ना. आणि मग मला करपल्याचा वास आला. मला आला. तो फिरवतच होता. मी त्याला हाक मारली. त्यानं डोळे उघडले, ड्रमकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. खाटकाच्या दारात मेंढरं अशीच बघत असतील.

"सायेब, तपकिरीनं नाक मेलं," तो हळूच म्हणाला. "दिवाळीला पोरगीला कवळ्यात घेतली, तर तिच्या डोस्क्याचा बी वास आला न्हाई."

तिकडं त्याला चिठ्ठी देऊन धाडणारा मीच होतो. तो तसं काही बोलला नाही, त्याच्या मनातही आलं नसावं. माझ्या मनात आलं, आणि मी ते बाजूला सारलं. आता काय करायचं, हे मीच ठरवलं. हुंगायचं मी, फिरवायचं त्यानं, आणि मालकांना काही कळू द्यायचं नाही. त्यानं माझे हात धरले. 

करपलेला सातू फेकून दुसरा चढवला. सेहेचाळिसाव्या मिनिटाला वास थांबला, मी हात वर केला, त्यानं ड्रम उतरवला. आणि पाठीवरची घोंगडी काढून पसरली, तांब्याभर पाणी शिंपडलं, सातू वर ओतला. ओल्या लोकरीतून वाफेचा लोट उठला. मी तिथंच बघत राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. जाळावरून उतरवला तरी सातू थांबत नाही, ढिगाच्या पोटात आपल्याच उष्णतेनं भाजत राहतो आणि मागाहून करपतो. लोकर पेट घेत नाही, पाणी उष्णता पिऊन टाकतं, वर उडवलं की वारा लागतो. मी दोन महिने वही भरली आणि नेमकं हेच जातीची सवय म्हणून सोडून दिलं होतं. त्या संध्याकाळी मी वहीत दोन ओळी लिहिल्या. त्या दोन ओळींनंतर कारखान्याला अर्जुनाची गरज उरली नव्हती. हे मला लिहिता लिहिताच कळलं होतं, उगाच नंतर सुचलं असं सांगणार नाही.

फेब्रुवारी सरता सरता बाटल्या उघडल्या. सुभेदार तीन ग्लास प्यायले आणि त्यांनी चौथा मागितला. लालासाहेब इतके खूश झाले की म्हणाले, रविवारी महाबळेश्वरचे हॉटेलवाले येतायत, त्यांच्यासमोर त्या धनगराला कागद देतो. आणि वर म्हणाले, "खरा ब्रुअर त्यो हाय. तू आपला कारकून."

मला ते झोंबलं. बी.एस्सी. होऊन, मुंबईत दोन वर्षं शिकून, हात भाजून घेऊन, शेवटी कारकून. ज्याला स्वतःच्या पोरीचा वास येत नाही तो ब्रुअर, बियरचा उस्ताद. मी म्हणालो, मालक, त्याचं नाक गेलंय. ही खेप मी हुंगली, उतरवायला मी सांगितली. हे खोटं नव्हतं. घोंगडी कुणाची, हे मी बोललो नाही.

लालासाहेब हसायला लागले. त्यांना खेळ फार आवडत. जत्रेत आंधळ्यांची कुस्ती लावलेला माणूस. म्हणाले, मग पाहुण्यांसमोर बघूच की. डोळे बांधायचे, तीन ताटांत भाजलेला सातू ठेवायचा. त्याला सांगायचं, दोन ताटं बिघडलेली, एक बरोबर, हुंगून ओळख, हात लावायचा नाही. आणि तिन्ही ताटांत एकच सातू घालायचा. नाक असेल तर म्हणेल की तिन्ही सारखेच आहेत, मग कागद देतो. नसेल तर पाहुण्यांची करमणूक होईल. तिन्ही एकच आहेत हे त्याला तू सांगायचं नाहीस, असं मला बजावलं. मी होकार दिला.

शनिवारी दुपारी अर्जुना मला बॉयलरच्या मागं भेटला. तीन ताटांतलं बरोबर ताट हुंगून ओळखायचंय, एवढंच मालकांनी त्याला सांगितलं होतं. त्यानं हरणाबाईला कोकणात सांगावा धाडला होता, की खोली मिळतीय, ये. ती भावाची मेंढरं सोडून, पोरगीला कडेवर घेऊन, एस.टी.नं घाट चढून आली होती. दोघी फाटकाबाहेर बाभळीखाली बोचकी घेऊन बसल्या होत्या. भावानं सांगितलं होतं, आता गेलीस तर परत येऊ नकोस.

"बरूबर ताट आलं की तुमी निस्तं खोकायचं," अर्जुना म्हणाला. "येवढंच. म्या परत कवा काय मागायचा न्हाई."

एक वाक्य पुरलं असतं. तिन्ही सारखेच आहेत असं म्हण. पाच शब्द. बॉयलरजवळ आम्ही दोघंच होतो, कुणी ऐकणार नव्हतं, वेळ भरपूर होता. त्याच्या खांद्यावरून मला फाटकाबाहेरची ती पोरगी दिसत होती. धुळीत काडीनं रेघा मारत होती. मी म्हणालो, "खोकतो."

रविवारी मांडव, खुर्च्या, मुंबईहून आणलेले लांब ग्लास. हॉटेलवाल्यांनी आधीच दोन-दोन रिचवले होते आणि फेसाच्या मिशा पुसत स्टाऊटची वाखाणणी करत होते. अर्जुना अंघोळ करून आला होता. धुतलेला फेटा, कुणाचा तरी मागून आणलेला सदरा, बाह्या आखूड. त्याचे डोळे मी बांधले. गाठ मारताना त्यानं माझं मनगट दाबलं. तीन ताटं टेबलावर आली. लालासाहेबांनी पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. सगळे तोंडावर हात धरून वाट बघत होते.

पहिल्या ताटावर तो वाकला. डोळे बांधलेले असताना त्यानं ते आतून मिटले, हे कापडावरून दिसलं. बराच वेळ हुंगला. मग दुसऱ्यावर वाकला. मी गप्प बसू शकलो असतो. गप्प बसलो असतो तर त्यानं कदाचित हात जोडून सांगितलं असतं, की नाक गेलंय, ओळखत नाही, आणि सुभेदारांच्या मनात काही आलं असतं. मी तेही होऊ दिलं नाही. मी खोकलो.

त्याचं तोंड उजळलं. "ह्योच," तो म्हणाला. "ह्योच आपला सातू." आणि पाहुण्यांना खरं वाटावं म्हणून तिसऱ्या ताटावरही वाकला, हुंगल्यासारखं केलं, नाक मुरडलं. "ह्यो करपलाय," म्हणाला.

मांडव हसून हसून लोळायचा बाकी राहिला. एका हॉटेलवाल्याच्या नाकातून बियर आली. लालासाहेबांनी स्वतः त्याची पट्टी सोडली, तिन्ही ताटांतली एक-एक मूठ त्याच्या ओंजळीत टाकली आणि नीट बघ म्हणाले. अर्जुना ओंजळीकडे बघत राहिला. दाणे तेच, रंग तोच. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. सुभेदार हसले नाहीत. बास करा म्हणाले, पण ग्लास रिकामा करून तो पुन्हा भरायला पुढं केला. कागदाचा विषयही निघाला नाही. अर्ध्या तासानं माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला आणि ब्रुअर म्हणून माझी ओळख करून देण्यात आली. अर्जुनानं ओंजळीतला सातू एक दाणाही न सांडता ताटात परत ठेवला, सगळ्यांना हात जोडले आणि निघून गेला.

मी हार काढून फाटकाकडे गेलो. पश्चात्ताप झाला म्हणून नाही. तो बाहेर कामगारांत माझं नाव घेईल, ती भीती होती. खोकल्याचं सगळीकडे झालं असतं तर उद्या कुणी माझ्या हाताखाली काम केलं नसतं.

हरणाबाई बोचकं डोक्यावर घेत होती. तिला काही विचारायची गरज पडली नव्हती, मांडवातलं हसणं फाटकापर्यंत ऐकू आलं होतं. अर्जुनानं मला पाहिलं आणि तोच माझ्याकडे चालत आला. मी काय बोलायचं ते जुळवत होतो. सर्दी झालीय, ठसका लागला, असं काहीतरी.

"तुमी खोकलासा, म्या ऐकलं," तो म्हणाला. "शबूद पाळलासा. मालकानंच मागनं ताटं बदलली. त्येला तुमी काय करणार?"



"तुमच्याव काय बालंट आलं न्हाई न्हवं?" त्यानंच पुढं विचारलं. त्याला खरंच काळजी वाटत होती. गळ्यातला हार मी आधीच काढला होता, हे बरं झालं असं मला वाटलं. मी मान हलवली, काही नाही आलं.

"मग झालं," तो म्हणाला. मग मागं वळून त्यानं हरणाबाईला जवळ बोलावलं. एवढ्या कारखान्यात आपल्या बाजूनं उभा राहिलेला एकच माणूस, ते हेच साहेब, असं तिला सांगितलं. तिनं डोक्यावरचं बोचकं तसंच धरून पदर पुढं ओढला आणि पोरगीला म्हणाली, सायबांच्या पाया पड. पोरगी आली, वाकली आणि तिनं माझ्या बुटांना हात लावून तो कपाळाला लावला. मी पाय मागं घेतले नाहीत.